टेस्टमधला ‘आज’

पायथॉनमध्ये आजची तारीख मिळवायला एक ओळ पुरते. ‘डेटटाइम’ मॉड्यूलमधल्या ‘डेट’ या क्लासला ‘टुडे()’ विचारले की यंत्राच्या घड्याळातली तारीख हाती येते. लिहिताना ही ओळ अगदी निरुपद्रवी वाटते. तिचा त्रास कळतो तो त्या कोडची युनिट टेस्ट लिहायला घेतल्यावर. तेच इनपुट दिले तर तेच उत्तर यावे, या गृहीतकावर युनिट टेस्ट उभी असते. ती सोमवारी चालवली काय किंवा तीन वर्षांनी चालवली काय, निकाल बदलता कामा नये. ‘टुडे()’ हे मात्र असे इनपुट आहे की ते फंक्शनच्या कंसात कुठेच दिसत नाही आणि दर मध्यरात्री कोणाला न सांगता बदलते.

उदाहरण म्हणून बिलाचा क्रमांक घ्यावा. भारतात जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे कर-बिलाचा क्रमांक सलग असावा लागतो, तो १६ अक्षरांहून लांब चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक दुसऱ्या बिलाला देता येत नाही. म्हणून पुष्कळ व्यावसायिक क्रमांकातच आर्थिक वर्ष घालतात: ‘२०२३-२४/०००१’. हे वर्ष १ एप्रिलला उघडते आणि ३१ मार्चला मिटते. समजा ‘बिलिंग’ नावाच्या मॉड्यूलमध्ये ‘आर्थिक_वर्ष’ हे फंक्शन आहे. (पायथॉन ३ मध्ये नावे देवनागरीत दिली तरी चालतात, फार कोणी देत नाही एवढेच.) ते आजची तारीख विचारते, महिना ४ किंवा त्याहून मोठा असेल तर चालू साल आणि पुढचे साल जोडून परत देते, नाहीतर मागचे साल आणि चालू साल. चार-पाच ओळींचे काम.

या फंक्शनची टेस्ट डिसेंबर २०२३ मध्ये लिहिली गेली तर अपेक्षित उत्तर ‘२०२३-२४’ असे लिहिले जाते. टेस्ट पास होते. १ एप्रिल २०२४ च्या सकाळी, कोडला कोणी हातही लावलेला नसताना, ती फेल होते. मग कोणीतरी अपेक्षित उत्तरही आजच्या तारखेवरूनच काढण्याची शक्कल लढवतो. हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट आहे, कारण टेस्टमध्ये मूळ कोडचीच नक्कल उतरते. ‘४ किंवा मोठा’ याऐवजी ‘४ पेक्षा मोठा’ असे चुकून लिहिले गेले असेल, तर तीच चूक दोन्हीकडे जाते आणि दोघे एकमेकांना बरोबर ठरवतात. नक्कल नसली तरीही ही चूक फक्त एप्रिलमध्ये दिसते. उरलेले अकरा महिने टेस्ट रोज चालवूनही काही कळत नाही. तारखेचे कोड बहुतेक दिवशी बरोबरच असते, आणि टेस्ट नेमकी त्याच दिवशी चालते.

हा धोका कागदी नाही. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे ‘झून’ म्युझिक प्लेयर एकाच दिवशी गोठले. त्यातल्या घड्याळाच्या ड्रायव्हरमध्ये दिवसांवरून साल काढणारे एक लूप होते आणि लीप वर्षाच्या ३६६ व्या दिवशी त्यातून बाहेर पडायची वाटच नव्हती. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच कंपनीची ‘अझुर’ ही क्लाउड सेवा कोलमडली. एक वर्ष मुदतीचे प्रमाणपत्र तयार करताना सालात फक्त एक मिळवला जात होता, आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख अस्तित्वातच नाही. पायथॉनमध्ये २९ फेब्रुवारीच्या तारखेवर ‘रिप्लेस’ वापरून नुसते साल बदलले आणि ते लीप वर्ष नसले, तर ‘व्हॅल्यूएरर’ येतो. गैर तारीख गुपचूप तयार होत नाही हे बरे. पण तो एरर चार वर्षांतून एकदाच येणार असेल, तर तो टेस्टमध्ये आधी यायला हवा. त्यासाठी टेस्टला ‘आज’ कोणता हे ठरवता आले पाहिजे.

पहिला प्रयत्न आणि त्याचे अपयश

खऱ्या गोष्टीच्या जागी टेस्टपुरती बनावट गोष्ट बसवायचे पायथॉनमधले नेहमीचे साधन म्हणजे ‘युनिटटेस्ट.मॉक’. मायकेल फूर्ड यांनी लिहिलेली ही लायब्ररी आधी ‘मॉक’ नावाने वेगळी मिळायची. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या पायथॉन ३.३ पासून ती प्रमाण लायब्ररीत आहे. तिच्यातल्या ‘पॅच’ला एक पत्ता द्यायचा. त्या पत्त्यावर जे असेल ते टेस्ट चालू असेपर्यंत काढून ठेवले जाते, जागी मॉक बसतो आणि टेस्ट संपली की मूळ वस्तू परत येते, मध्ये एरर आला तरीही.

साहजिकच पहिला प्रयत्न ‘डेटटाइम.डेट.टुडे’ हाच पत्ता देण्याचा होतो. तो चालत नाही. ‘टाइपएरर’ येतो, आणि त्यातला मजकूर सांगतो की ‘डेट’ हा न बदलता येणारा टाइप आहे. याचे कारण पायथॉनच्या आत आहे. नेहमीच्या पायथॉनमध्ये, म्हणजे सीपायथॉनमध्ये, ‘डेट’ आणि ‘डेटटाइम’ हे क्लास वेगासाठी सी भाषेत लिहिलेले आहेत, आणि सीमधल्या अशा टाइपांवरच्या मेथड चालू प्रोग्रॅममध्ये बदलायला पायथॉन मनाई करतो. स्वतः लिहिलेल्या साध्या क्लासवरची मेथड हवी तेव्हा बदलता येते, त्यामुळे ही मनाई अनेकांना अनपेक्षित वाटते. मॉकच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही या अडचणीवर एक स्वतंत्र उदाहरण आहे, यावरून ती किती जणांना आडवी येते याची कल्पना यावी.

मेथड बदलता येत नसेल तर ती ज्या नावाने हाक मारून वापरली जाते ते नाव बदलायचे. पायथॉनमधले नाव म्हणजे वस्तूवर चिकटवलेली चिठ्ठी. एका वस्तूवर कितीही चिठ्ठ्या लावता येतात आणि एक चिठ्ठी काढून दुसऱ्या वस्तूवर लावली तरी बाकीच्या जागच्या जागी राहतात. ‘बिलिंग’ मॉड्यूलच्या सुरुवातीला ‘फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेट’ असे लिहिलेले असेल, तर ती ओळ चालताच ‘बिलिंग’मध्ये ‘डेट’ नावाची स्वतंत्र चिठ्ठी तयार होते. नंतर टेस्टने ‘डेटटाइम.डेट’ हा पत्ता पॅच केला, तर ‘डेटटाइम’ मॉड्यूलमधली चिठ्ठी हलते. ‘बिलिंग’मधली अजून खऱ्या ‘डेट’वरच असते. टेस्ट निमूटपणे खरी तारीख वापरते. पॅच करायचा पत्ता आहे ‘बिलिंग.डेट’. वस्तू जिथे जन्मली तिथे नव्हे, जिथे ती वापरली जाते तिथे पॅच करायचे, हा नियम मॉक शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी अडखळवतो.

मॉड्यूलमध्ये नुसते ‘इम्पोर्ट डेटटाइम’ असेल आणि कोड दर वेळी ‘डेटटाइम.डेट.टुडे()’ असे पूर्ण नाव घेत असेल, तर गणित उलटते. आता ‘बिलिंग.डेटटाइम.डेट’ पॅच केले तर ‘बिलिंग.डेटटाइम’ हे खुद्द मूळ मॉड्यूलच असल्यामुळे, पूर्ण नावाने ‘डेट’ वापरणाऱ्या इतर सगळ्या मॉड्यूलांनाही बनावट तारीख दिसू लागते. कधी तेच हवे असते. बऱ्याचदा नको असते.

बनावट तारखेचे दोष

‘बिलिंग.डेट’च्या जागी मॉक बसला की त्याच्या ‘टुडे’ची ‘रिटर्न व्हॅल्यू’ हवी ती तारीख, समजा ३१ मार्च २०२४, ठरवून देता येते. ‘आर्थिक_वर्ष’सारख्या छोट्या फंक्शनला एवढे पुरते. पण ‘डेट’ हा नुसता आजची तारीख सांगणारा नोकर नाही, तो तारखा घडवणारा क्लासही आहे. त्याच मॉड्यूलमध्ये दुसरीकडे वर्षाचा पहिला दिवस काढायला ‘डेट(२०२४, ४, १)’ असे लिहिलेले असेल, तर तिथे तारखेऐवजी आणखी एक मॉक हाती येतो. त्यातून उठणारे एरर मूळ कारणापासून इतके लांब उठतात की शोधणारा हैराण होतो. यावर माहितीपुस्तिकेने सुचवलेला तोडगा म्हणजे मॉकच्या ‘साइड इफेक्ट’मध्ये खऱ्या ‘डेट’ला बोलावणारे छोटे फंक्शन ठेवायचे. त्याहून आटोपशीर मार्ग म्हणजे पॅच करतानाच ‘रॅप्स’ म्हणून खरा ‘डेट’ द्यायचा: मग ज्या गोष्टीचे उत्तर ठरवून दिले आहे तेवढे मॉक देतो, बाकी सगळे खऱ्याकडे पाठवतो. याचा एक जास्तीचा फायदा आहे. साधा मॉक विचारलेला कुठलाही गुणधर्म तत्काळ निर्माण करतो, त्यामुळे ‘टुडे’ लिहिताना एक अक्षर मागेपुढे झाले तरी तो काही बोलत नाही. ‘रॅप्स’ असेल तर खऱ्या ‘डेट’वर तसले नाव सापडत नाही आणि एरर लगेच समोर येतो.

तरीही ‘आयझइन्स्टन्स’ उरतेच. एखादी वस्तू तारीख आहे का हे तपासताना दुसऱ्या जागी टाइप लागतो. तिथे मॉक गेला की पुन्हा ‘टाइपएरर’. म्हणून ‘डेट’पासून खरा उपक्लास काढून त्यात फक्त ‘टुडे’ बदलायचा, आणि ‘बिलिंग.डेट’च्या जागी तो बसवायचा, हा पर्याय जास्त टिकाऊ ठरतो. पायटेस्ट वापरणारे हेच काम ‘मंकीपॅच’ या फिक्स्चरने करतात. तारीख घडवणे चालते, वजाबाकी चालते, तुलना चालते. पायथॉन ३.८ पासून अशा उपक्लासच्या तारखेत दिवस मिळवले तर उत्तरही उपक्लासचेच येते. आधीच्या आवृत्त्यांत ते मूळ ‘डेट’चे यायचे. फट राहते ती एकच: बाहेरून, म्हणजे डेटाबेसमधून किंवा दुसऱ्या मॉड्यूलमधून आलेली अस्सल तारीख या बनावट उपक्लासची मानली जात नाही. मेटाक्लास लिहून ‘आयझइन्स्टन्स’चे उत्तर बदलता येते. पण इथवर आलेल्या माणसाने आपण चार ओळींच्या फंक्शनसाठी किती मजली मांडव घालतो आहोत, हे एकदा थांबून पाहावे.

घड्याळ गोठवणाऱ्या लायब्ररी

हा सगळा मांडव एकदाच, नीट बांधून देणारी लायब्ररी म्हणजे स्टीव्ह पुलेक यांची ‘फ्रीझगन’. टेस्टच्या डोक्यावर एक डेकोरेटर लावून तारीख लिहिली की ‘टुडे’, ‘नाऊ’, ‘टाइम.टाइम’ या साऱ्यांना तीच वेळ दिसते. आत काय घडते ते पाहिले तर वर सांगितलेलेच सगळे आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर: मेटाक्लास असलेले बनावट क्लास, आणि तोपर्यंत लोड झालेल्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये शिरून जिथे जिथे खऱ्या वस्तूची चिठ्ठी सापडेल तिथे तिथे बनावट वस्तू लावणे. त्यामुळे चिठ्ठी कुठे आहे याची काळजी टेस्ट लिहिणाऱ्याला करावी लागत नाही. किंमत वेगात मोजावी लागते. शेकडो मॉड्यूल असलेल्या प्रकल्पात प्रत्येक टेस्टच्या आधी आणि नंतर ही झडती होते आणि ती जाणवते.

अॅडम जॉन्सन यांनी २०२० मध्ये आणलेली ‘टाइम-मशीन’ दुसऱ्या बाजूने जाते. ती नावांच्या मागे लागत नाही. सीमध्ये लिहिलेल्या मूळ फंक्शनांचे पॉइंटरच ती आपल्याकडे वळवून घेते, म्हणजे कोणत्याही चिठ्ठीवरून हाक मारली तरी पोचायचे एकाच ठिकाणी. म्हणून ती झपाट्याने चालते, आणि म्हणूनच ती सीपायथॉनपुरतीच आहे. तिचे घड्याळ ठरावीक क्षणाला नेऊन ठेवल्यावर पुढे चालत राहते; थांबवायचे असेल तर तसे सांगावे लागते. फ्रीझगनमध्ये नेमके उलटे आहे.

थांबलेल्या घड्याळाचे स्वतःचे प्रश्न असतात. ‘असिंकआयओ’चे इव्हेंट लूप ‘मोनोटॉनिक’ घड्याळावर चालते. ते गोठले तर दोन सेकंदांची वाट कधीच संपत नाही आणि टेस्ट लटकून राहते. फ्रीझगनमध्ये यासाठी खरे घड्याळ असिंकआयओला तसेच ठेवण्याची सोय नंतर करावी लागली. टाइम-मशीन मोनोटॉनिक घड्याळाला हातच लावत नाही.

कुठला ‘आज’?

तारीख मॉक करण्याच्या चर्चेत एक प्रश्न बहुधा विसरला जातो, आणि भारतात तो विसरून चालत नाही. ‘डेट.टुडे()’ ही यंत्राच्या स्थानिक वेळेची तारीख देते. क्लाउडमधले सर्व्हर बहुधा यूटीसीवर ठेवलेले असतात, भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत भारतात जी तारीख असते, तिच्या आदल्या दिवशी तो सर्व्हर असतो. मुंबईतल्या एखाद्या हॉटेलने १ एप्रिल २०२४ रोजी रात्री साडेबाराला बिल फाडले, तर सर्व्हरच्या मते ३१ मार्चचे सात वाजलेले असतात आणि बिलावर ‘२०२३-२४’ छापले जाते. बंद झालेल्या वर्षाच्या मालिकेत नवे बिल घुसते आणि ते निस्तरणे हिशेबनिसाच्या गळ्यात पडते. पुण्यातल्या लॅपटॉपवर, जिथे यंत्राची वेळच भारतीय असते, ही चूक काही केल्या दिसत नाही.

योग्य कोड आधी ‘डेटटाइम.नाऊ’ला टाइमझोन देऊन वेळ विचारते आणि मग तिच्यातून तारीख काढते. टाइमझोनसाठी पायथॉन ३.९ पासून ‘झोनइन्फो’ हे मॉड्यूल प्रमाण लायब्ररीत आहे आणि त्यात भारताचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असे आहे. ‘यूटीसीनाऊ()’ हे जुने फंक्शन टाइमझोनचा उल्लेख नसलेली वेळ देत असल्यामुळे गोंधळ वाढवायचे, पायथॉन ३.१२ पासून ते वापरू नये असा इशारा मिळतो.

टेस्ट इथे फसवी होऊ शकते. ‘बिलिंग.डेटटाइम’ मॉक करून ‘नाऊ’ची रिटर्न व्हॅल्यू ठरवून दिली, तर मॉक कंसातला टाइमझोन पाहतही नाही. कोडने कोलकात्याऐवजी चुकून लंडन दिले, किंवा काहीच दिले नाही, तरी उत्तर तेच. टेस्ट पास होते, आणि जी चूक पकडण्यासाठी ती लिहिली तीच झाकते. टाइमझोनच्या कोडसाठी मॉकने तारीख ठरवू नये, क्षण ठरवावा. ३१ मार्च २०२४, यूटीसी १९:०० हा एक क्षण. त्या वेळी भारतात १ एप्रिलचे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात आणि उत्तर ‘२०२४-२५’ यायला हवे. त्याच दिवशी यूटीसी १८:०० हा दुसरा. भारतात साडेअकरा, उत्तर ‘२०२३-२४’. घड्याळ गोठवणाऱ्या दोन्ही लायब्ररी क्षण समजतात आणि टाइमझोनप्रमाणे रूपांतर करून देतात. फरक एवढा की फ्रीझगन यंत्राचा टाइमझोन विचारात घेत नाही, वेगळे सांगितले नाही तर स्थानिक वेळ म्हणजे यूटीसीच धरते. आणि टाइम-मशीनला झोनइन्फोसह वेळ दिली तर युनिक्स प्रकारच्या यंत्रणांवर ती टेस्टपुरता स्थानिक टाइमझोनही बदलते.

मध्यरात्र ओलांडणारे फंक्शन

गोठलेल्या घड्याळाला एका जातीची चूक कधीच दिसत नाही. बिल तयार करणारे फंक्शन आधी क्रमांकासाठी आर्थिक वर्ष काढते आणि नंतर, शेकडो ओळी खाली, छापायची तारीख पुन्हा ‘टुडे()’ विचारून घेते. या दोन हाकांच्या मध्ये मध्यरात्र झाली तर क्रमांक ‘२०२३-२४’चा आणि तारीख १ एप्रिलची. प्रत्यक्षात ही खिडकी काही मिलिसेकंदांची असते, पण वर्षअखेरीच्या रात्री हजारो बिले एकदम काढणाऱ्या व्यवस्थेत ती काही मिनिटांची होते.

साधा मॉक इथे घड्याळ गोठवणाऱ्या लायब्ररीपेक्षा उपयोगी पडतो. ‘टुडे’च्या ‘साइड इफेक्ट’ला दोन तारखांची यादी द्यायची, आधी ३१ मार्च, मग १ एप्रिल. पहिल्या हाकेला पहिली, दुसऱ्या हाकेला दुसरी. चूक दर वेळी, हमखास पुन्हा घडते. तिची दुरुस्ती मात्र मॉकमध्ये नाही. एका कामासाठी घड्याळाला एकदाच विचारायचे आणि तेच उत्तर पुढच्या सगळ्यांना द्यायचे, ही ती दुरुस्ती.

तारीख कंसात आणणे

त्याच वाटेने पुढे गेले की मॉकची गरजच बहुतेक ठिकाणी संपते. ‘आर्थिक_वर्ष’ या फंक्शनने तारीख स्वतः विचारण्याऐवजी ती कंसातून घ्यावी. मग टेस्ट म्हणजे नुसते ‘आर्थिक_वर्ष(डेट(२०२४, ३, ३१))’ आणि त्याचे अपेक्षित उत्तर. पॅच नाही, पत्ता नाही, उपक्लास नाही. पायटेस्टच्या ‘पॅरामेट्राइझ’ने तारखा आणि उत्तरांच्या जोड्या ओळीने लिहिल्या की टेस्टच नियमाचा तक्ता बनते, आणि तो तक्ता सीए मंडळींनाही वाचून तपासता येतो. तारीख मॉक करणे हे बहुतांशी अशा जुन्या कोडचे औषध आहे ज्याची फंक्शने आता बदलता येत नाहीत. नवे कोड लिहिताना तेच पहिले साधन म्हणून हाती घेणे म्हणजे लपवलेले इनपुट लपलेलेच ठेवणे.

जुनी हाक मोडू नये म्हणून तारखेला डिफॉल्ट द्यावा असे वाटते, आणि इथे पायथॉनचा एक जुना सापळा आहे. कंसातच ‘आज = डेट.टुडे()’ असे लिहिले तर ते फंक्शन बोलावताना नव्हे, फंक्शनची व्याख्या वाचली जाते तेव्हा एकदाच मोजले जाते. ३० मार्चला सुरू केलेला सर्व्हर बंद न करता चालत राहिला तर त्याच्या लेखी एप्रिल कधी उजाडतच नाही. टेस्ट दर वेळी नव्या प्रोसेसमध्ये चालत असल्याने तिला हे कळायचा मार्ग नाही. डिफॉल्ट ‘नन’ ठेवून, आत तो ‘नन’ आहे का पाहून मग तारीख विचारणे, हीच रूढ पद्धत आहे.

बऱ्याच थरांतून तारीख खाली नेणे जिथे जड जाते तिथे घड्याळच वस्तू म्हणून देता येते: खरे घड्याळ ‘नाऊ’ विचारल्यावर यंत्राची वेळ सांगते, टेस्टमधले घड्याळ ठरवून दिलेली. जावाने २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीबरोबर ‘क्लॉक’ हा क्लास प्रमाण लायब्ररीतच दिला आणि त्यात गोठलेले घड्याळही तयार ठेवले. डॉटनेटमध्ये तशी सोय २०२३ मध्ये ‘टाइमप्रोव्हायडर’ म्हणून आली. पायथॉनच्या प्रमाण लायब्ररीत असे काही नाही. भाषाच इतकी लवचीक, की हवे ते नाव हवे तेव्हा बदलता येते. त्यामुळे ती उणीव फारशी टोचली नसावी.

कोणत्या तारखा

‘आज’ हातात आल्यावर तो कुठला निवडायचा हा प्रश्न उरतो. १५ जुलैची टेस्ट बहुधा काहीच शिकवत नाही. आर्थिक वर्षासाठी ३१ मार्च आणि १ एप्रिल हव्यातच, आणि ३१ डिसेंबर व १ जानेवारीही, कारण साल बदलले तरी आर्थिक वर्ष बदलत नाही हे तपासायला हवे. मार्च २००९ मधली एखादी तारीखही द्यावी: पुढच्या सालाचे शेवटचे दोन अंक काढताना शंभराने भागून बाकी घेतली आणि आधीचे शून्य घालायला विसरले, तर ‘२००८-०९’च्या जागी ‘२००८-९’ येते. आजच्या तारखांनी ही चूक शतक संपेपर्यंत दिसणार नाही, जुनी बिले पुन्हा छापायला काढली की पहिल्याच दिवशी दिसेल. महिना मिळवणाऱ्या कोडला ३१ जानेवारी, वर्ष मिळवणाऱ्याला २९ फेब्रुवारी. आठवड्याचे क्रमांक मोजणाऱ्याला ३० डिसेंबर २०२४. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो. सेकंद ३२ बिटांत साठवणाऱ्या जुन्या व्यवस्थांशी बोलणाऱ्या कोडला १९ जानेवारी २०३८. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद त्या दिवशी यूटीसी ०३:१४:०७ नंतर, म्हणजे भारतात सकाळी ०८:४४:०७ नंतर, त्या जागेत मावेनासे होतात.

पायथॉनबाहेरची घड्याळे

पायथॉनमधले कोणतेही मॉक पायथॉनच्या प्रोसेसपुरतेच असते. डेटाबेस स्वतःच्या ‘नाऊ()’ने नोंदीवर वेळ टाकत असेल तर तो खरीच वेळ टाकतो, आणि टेस्टमध्ये २०२४ चे बिल आणि चालू सालची नोंद असा विसंवाद दिसतो. गोठलेल्या तारखेने बाहेरच्या सेवेला खरी विनंती पाठवली तर तिच्यावरची सही जुनी म्हणून ती नाकारली जाऊ शकते. अॅमेझॉनची ‘एसथ्री’ सेवा पंधरा मिनिटांहून अधिक फरक चालवून घेत नाही. अशा टेस्टमध्ये बाहेरची सेवाही बनावट ठेवावी लागते, किंवा डेटाबेसला तारीख कोडने द्यावी लागते.

याच्या उलट, ज्या टेस्टना तारीख मॉक करावी असे कोणाला सुचलेच नाही त्यांचाही शोध घेता येतो. नमुन्याच्या डेटात मुदत म्हणून चार वर्षांनंतरची एखादी तारीख लिहून ठेवलेली असते. ती उलटेपर्यंत टेस्ट पास होते आणि त्या दिवशी, लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर, फेल होते. डेबियनच्या पॅकेजांवर चालणाऱ्या ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’ प्रकल्पात एकच पॅकेज दुसऱ्यांदा बांधताना यंत्राचे घड्याळ मुद्दाम पुढे नेले जाते, त्यामुळे अशा टेस्ट आपोआप उघड्या पडतात. एखाद्या प्रकल्पाला हेच करायचे असेल तर लिनक्सवर ‘लिबफेकटाइम’ आहे. ती प्रोग्रॅम आणि यंत्रणेच्या सी लायब्ररीच्या मध्ये उभी राहून वेळ विचारणाऱ्या हाका अडवते. सगळ्या टेस्ट तिच्याखाली वर्षभर पुढच्या तारखेला चालवता येतात, आणि पायथॉनने सुरू केलेल्या इतर प्रोसेसनाही तीच तारीख दिसते. सी लायब्ररी आपल्या आतच बांधून घेतलेल्या प्रोग्रॅमांवर मात्र तिचा परिणाम होत नाही.